पेन्सिल टेकवण्याआधी

परवा रात्री साडेनऊला तुझा फोन आला. "आजी, हे अ‍ॅप बिघडलंय गं. समीकरण टाकलं की नुसत्या रिकाम्या चौकटी दिसतात, वर्तुळ येतच नाही." मी तुला समीकरण वाचायला सांगितलं. क्ष² + य² − ४क्ष + ६य + २० = ०. गॅसवर दूध होतं. ते वर यायच्या आत मी मनातल्या मनात दोन वर्ग पूर्ण केले आणि म्हटलं, "अ‍ॅप धडधाकट आहे बाळा. तिथे काढण्यासारखं काही नाहीच." तू जरा गप्प झालीस आणि मग विचारलंस, "मग उत्तर काय लिहू?"

त्या प्रश्नासाठी हे लिहायला बसले आहे. तीसहून अधिक वर्षं मी गणित शिकवलं आणि दर वर्षी कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन टेबलाशी यायचं. आलेख येत नाही म्हटलं की मुलांना वाटतं आपलंच कुठेतरी चुकलं. मग ती चिन्हं बदलून बघतात, आकडे खोडतात आणि काहीतरी ओढूनताणून कागदावर उमटवतात. तू तसं करू नयेस म्हणून माझ्याजवळ आहे ते सगळं तुला देते. यातलं बरंचसं मला माझ्या सरांनी दिलं, थोडं चुकांतून मिळालं.

आधी एक सांगते. तुमच्या पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात. मी क्ष आणि य वर वाढले, माझा हात तसाच चालतो. तू वाचताना बदलून घे.

आमचे सर आठवीत पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "कुठलीही संख्या घ्या, तिला तिनेच गुणा आणि उत्तर उणे आणून दाखवा. जो दाखवेल त्याला माझं पेन." खिशाला लावलेलं ते काळं फाउंटन पेन आम्हा सगळ्यांना हवं होतं. आम्ही आठवडाभर पाट्या भरल्या. उणे तीनला उणे तीनने गुणलं तरी नऊच. अपूर्णांक घेतले, शून्य घेतलं. पेन सरांच्या खिशातच राहिलं, पण वास्तव संख्येचा वर्ग कधी ऋण नसतो ही गोष्ट आमच्या हाडीमाशी भिनली. पुढच्या सगळ्या कसोट्या, सगळी सूत्रं यातूनच निघतात. ज्याला हे एक नीट कळलं त्याला बाकीचं पाठ करावं लागत नाही.

तुझ्या वर्तुळाचंच बघ. क्ष ची दोन पदं एका बाजूला घे: क्ष² − ४क्ष. त्यात ४ मिळवले की (क्ष − २)² झालं. य ची दोन पदं घे: य² + ६य. त्यात ९ मिळवले की (य + ३)². जे मिळवलं ते उजवीकडेही द्यायचं. उजवीकडे आलं −२० + ४ + ९, म्हणजे −७. आता वाच: दोन वर्गांची बेरीज उणे सात. दोन्ही वर्ग शून्य किंवा त्याहून मोठे, मग त्यांची बेरीज उणे कशी होईल? प्रतलावर एकही बिंदू या अटीत बसत नाही. तुझ्या समीकरणात २० च्या जागी १३ असते तर उजवीकडे ० आलं असतं आणि सगळ्या प्रतलात एकच बिंदू उरला असता, (२, −३). ४ असते तर ९ आले असते आणि ३ त्रिज्येचं छान वर्तुळ निघालं असतं. शेवटचा एकच आकडा बदलला आणि वर्तुळ आवळत आवळत ठिपका झालं, मग नाहीसं झालं. हे एकदा हाताने करून बघ. अ‍ॅपमध्ये नको, कागदावर. ४, १०, १२, १३, १४ असे आकडे घालत जा. वर्तुळ मिटताना दिसेल.

आता वर्गसमीकरण. अ·क्ष² + ब·क्ष + क = ० यात ब² − ४अक या विवेचकाचं चिन्ह बघायचं हे तू दहावीतच घोकलंस. धन आला तर दोन वेगळी वास्तव मुळं, शून्य आला तर समान, ऋण आला तर वास्तव मुळं नाहीत. पण हा विवेचक आला कुठून, हे कुणी दाखवलं का? आपल्याकडची जुनी रीत सांगते. सगळ्या समीकरणाला ४अ ने गुणायचं आणि दोन्ही बाजूंना ब² मिळवायचा. डावीकडे (२अ·क्ष + ब)² तयार होतो, उजवीकडे ब² − ४अक उरतो. झालं. डावीकडे वर्ग आहे, तेव्हा उजवी बाजू ऋण निघाली तर गाडी तिथेच थांबली. सरांचं पेन खिशातच.

ही रीत श्रीधराचार्यांची. भास्कराचार्यांनी ती आपल्या 'बीजगणित' ग्रंथात त्यांच्या नावानिशी नोंदवली. ब्राझीलमध्ये आजही शाळेतली मुलं या सूत्राला 'भास्कराचं सूत्र' म्हणतात. ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कशाचाच वर्ग नाही, हेही भास्कराचार्यांनी त्याच ग्रंथात स्वच्छ सांगून ठेवलंय. हे काम इसवी सन ११५० च्या सुमाराचं. चाळीसगावजवळ पाटणादेवीला तुला लहानपणी नेलं होतं. तिथला १२०७ सालचा शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ काढला. आजोबांचं गणित नातवाने जपलं, ही गोष्ट मला फार आवडते.

विवेचक काढताना एक सवय लाव. समीकरण आधी एका बाजूला आण, दुसरीकडे शून्य, आणि अ, ब, क चिन्हांसकट वेगळ्या ओळीत लिही. निम्म्या चुका इथे होतात. अ अधिक आणि क उणे असेल तर −४अक अधिक होतं आणि मुलं घाईत ते वजा करून मोकळी होतात. अ आणि क यांची चिन्हं विरुद्ध असतील तर विवेचक काढायचीसुद्धा गरज नाही. मुळं वास्तवच असणार, कारण ब² मध्ये भरच पडते आहे. ही एक नजर टाकली की बरीच उदाहरणं तिथेच मिटतात.

चिन्हावरून एक जुनी गोष्ट आठवली, ती मी कुणाला फारशी सांगत नाही. नोकरीचं तिसरं वर्ष असेल. घटक चाचणीचा पेपर मी स्टेन्सिलवर हाताने काढला. क्ष² + २क्ष − १५ = ० हवं होतं, मुळं ३ आणि −५. स्टेन्सिल कापताना लेखणी एक रेघ जास्त ओढून गेली आणि उणेचं अधिक झालं. वर्गातल्या बहुतेक मुलांनी ३ आणि −५ हेच उत्तर लिहिलं. त्यांनी मधल्या पायरीत चिन्ह गुपचूप फिरवून घेतलं होतं, कारण उत्तर यायलाच हवं असं त्यांना वाटत होतं. एका मुलीने मात्र लिहिलं: विवेचक = ४ − ६० = −५६, म्हणून वास्तव मुळं नाहीत. मी माझ्या उत्तरसूचीशी ताडून तिच्या पानावर लाल फुल्ली मारली. दुसऱ्या दिवशी ती पेपर घेऊन आली, काही बोलली नाही, फक्त छापलेल्या अधिकच्या चिन्हावर बोट ठेवलं. त्या बोटाचं नख शाईने निळं झालं होतं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. मी सगळ्या वर्गासमोर तिला पूर्ण गुण दिले आणि माझी चूक फळ्यावर लिहिली. पण मला खरी खंत वाटली ती इतर मुलांची. 'उत्तर नाही' असंही उत्तर असतं, हे मी त्यांना शिकवलंच नव्हतं. त्यानंतर प्रत्येक चाचणीत मी मुद्दाम एक तरी समीकरण असं घालायचे, ज्याला वास्तव मूळ नाही.

हे केवळ पेपरापुरतं नाही. तुझ्या मामाला मेथीचा वाफा कोंबड्यांपासून वाचवायचा होता. त्याने २० मीटर जाळी आणली आणि म्हणाला, "४० चौरस मीटरचा आयत घेरतो." मी म्हटलं, थांब. जाळी २० मीटर म्हणजे लांबी आणि रुंदी मिळून १०. एक बाजू क्ष, दुसरी १० − क्ष, गुणाकार ४०. म्हणजे क्ष² − १०क्ष + ४० = ०. विवेचक १०० − १६० = −६०. जाळी कशीही वाकवली तरी ४० चौरस मीटर होणार नाहीत. त्याला पटेना, तेव्हा त्याला आलेख काढून दाखवला. आडव्या अक्षावर एक बाजू, उभ्या अक्षावर क्षेत्रफळ. ३ आणि ७ घे, २१. ४ आणि ६ घे, २४. ५ आणि ५ घे, २५. पुढे पुन्हा उतार. डोंगरासारखं अन्वस्त, ज्याला तुम्ही पॅराबोला म्हणता, त्याचं शिखर २५ वर. मग ४० च्या उंचीवर एक आडवी रेघ मारली. ती शिखराच्या कितीतरी वरून निघून गेली. दोघांची गाठ नाही. मामा बराच वेळ त्या दोन रेघांमधल्या जागेकडे बघत होता. मग जाऊन ६ मीटर जाळी अजून घेऊन आला. बेरीज १३ झाली, विवेचक १६९ − १६० = ९, आणि वाफा झाला ८ बाय ५ चा. त्या वाफ्यातली मेथी तू खाल्ली आहेस.

नेमका हाच प्रश्न इटलीच्या कार्दानोने १५४५ साली आपल्या 'आर्स माग्ना' ग्रंथात घेतला होता: १० चे असे दोन भाग करा की गुणाकार ४० यावा. हे अशक्य आहे हे तो जाणून होता, तरी त्याने गणित पुढे रेटलं आणि उत्तर काढलं, ५ + √(−१५) आणि ५ − √(−१५). आता या उत्तराकडे नीट बघ. ५ हे शिखर कुठे आहे ते सांगतं. आणि १५? शिखर २५ वर, मामाला हवे होते ४०, अंतर १५. वर्गमुळाखाली जो उणे आकडा उरला तो बरोबर तेवढाच, जेवढी वक्ररेषा रेघेपासून दूर राहिली. क्ष² चा सहगुणक १ किंवा −१ असला की हे दर वेळी असंच येतं. म्हणजे वास्तव मूळ नसलं तरी समीकरण मुकं नसतं. हुकलं किती आणि कुठे, ते ते सांगतं. ही गोष्ट मला वयाच्या पन्नाशीत उमगली आणि त्या दिवशी मी शाळेतून घरी येईपर्यंत दुसरा विचार केला नव्हता.

यावरून एक शब्द जपून ठेव: 'वास्तव'. "उकल नाही" असं कधीही मोघम लिहू नकोस. "वास्तव मुळं नाहीत" असं लिही. अकरावीत तुम्हाला संमिश्र संख्या आल्याच आहेत. तिथे याच वर्गसमीकरणाला दोन मुळं आहेत आणि त्यांना बसायला वेगळं प्रतल आहे. आपल्या क्ष-य आलेखावर ती दिसणार नाहीत एवढंच. दोन प्रतलांची सरमिसळ करू नकोस.

डोळ्यांवर किती विसंबायचं, हेही सांगायला हवं. ग्राफ पेपर घे, उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिही, १ सेमी = १ एकक, आणि य = क्ष² − २क्ष + १.०१ काढ. वक्ररेषा १ पाशी अक्षाला टेकलेली दिसेल. कुणालाही विचार, टेकली आहे असंच म्हणेल. पण तिचा सगळ्यात खालचा बिंदू अक्षापासून ०.०१ एकक वर आहे, म्हणजे तुझ्या कागदावर एक दशांश मिलिमीटर. पेन्सिलची रेघच त्याच्या चार-पाचपट जाड असते. विवेचक सांगतो: ४ − ४.०४ = −०.०४. मुळं वास्तव नाहीत. आता शेवटचा आकडा ०.९९ कर. विवेचक +०.०४, मुळं ०.९ आणि १.१. त्यांच्यामध्ये दोन मिलिमीटरची जागा, आणि त्या जागेत वक्ररेषा अक्षाखाली पुन्हा एक दशांश मिलिमीटरच. कागदावर दोन्ही आलेख जुळे दिसतील. टोक काढलेली पेन्सिल, चांगला कागद, स्थिर हात, सगळं असूनही इथे डोळा निकाल देऊ शकत नाही. आलेख विचारायला शिकवतो, निकाल मात्र बीजगणिताने द्यायचा.

अ‍ॅपचंही तसंच. तुझ्या वर्तुळाच्या वेळी रिकामी चौकट खरी होती, पण दर वेळी ती खरी असेल असं नाही. (क्ष − य)² = ० हे समीकरण घाल. ही म्हणजे सरळ क्ष = य ही रेषा, कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी. पण काही अ‍ॅप वक्ररेषा शोधताना डाव्या बाजूचं चिन्ह अधिकाचं उणे कुठे होतं ते बघतात. इथे वर्ग आहे, चिन्ह कधी बदलतच नाही, म्हणून अनंत बिंदू असूनही पडदा कोरा राहू शकतो. दुसरी गोष्ट चौकटीच्या मापाची. क्ष² बरोबर २ चा क्ष वा घात, हे समीकरण घे. मुलांना कोष्टक करायला सांगितलं की ती १, २, ३, ४ घालतात आणि २ व ४ ही उत्तरं सापडताच थांबतात. अक्षाच्या डाव्या बाजूला, सुमारे −०.७७ पाशी, तिसरी गाठ आहे ती राहून जाते. उलट मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही अक्ष −१० ते १० असे असतील तर ही डावीकडची गाठ दिसते, पण ४ पाशी उंची १६ असते आणि ती गाठ चौकटीच्या वर निसटते. माणसाचं एक हुकतं, यंत्राचं दुसरं. म्हणून कोष्टकात ऋण संख्या आणि शून्य घातल्याशिवाय उठायचं नाही, आणि पडद्यावर चौकट लहानमोठी करून बघितल्याशिवाय "दोनच" असं म्हणायचं नाही.

समीकरण अवघड दिसलं की मी त्याचे दोन तुकडे करते. डावी बाजू एक आलेख, उजवी बाजू दुसरा. जिथे गाठ पडेल तिथे उकल. मामाला दाखवलं ते हेच. ज्या (साइन) क्ष बरोबर क्ष/१० याला किती उकली? सूत्राने काही होत नाही. पण एक लाट काढ, एक तिरकी रेषा काढ, आणि मोज. रेषा −१० ते १० च्या बाहेर गेली की उंची १ च्या पलीकडे जाते आणि लाट तिथवर पोहोचत नाही, तेव्हा मोजायचं तेवढ्यातच. उजवीकडे तीन, डावीकडे तीन, मध्ये शून्य. सात. आणि ज्या क्ष = २ विचारलं तर पेन्सिल उचलूसुद्धा नकोस, लाट १ च्या वर जातच नाही.

वर्गमुळाची समीकरणं आली की दोनदा सावध. पहिलं, मुळाखालचं शून्य किंवा धन असायला हवं. √(क्ष − ५) आणि √(३ − क्ष) एकाच समीकरणात दिसले तर क्ष एकाच वेळी ५ पेक्षा कमी नको आणि ३ पेक्षा जास्त नको. असा क्ष नाही, वही मिटव. दुसरं, दोन्ही बाजूंचे वर्ग केले की खोटी मुळं आत शिरतात. √(क्ष + ३) = क्ष − ३ घे. वर्ग करून क्ष² − ७क्ष + ६ = ०, मुळं ६ आणि १. विवेचक २५, सगळं छान वाटतं. पण १ घालून बघ: डावीकडे २, उजवीकडे −२. आलेखावर वर्गमुळाची वक्ररेषा आणि रेषा एकदाच भेटतात, ६ पाशी. वर्ग करताना उणे-अधिक पुसलं गेलं आणि १ चोरपावलांनी आला. उत्तर मूळ समीकरणात घालून बघेपर्यंत ते उत्तर नव्हे.

भास्कराचार्यांच्या ग्रंथात माकडांची दोन उदाहरणं आहेत, ती मी दर वर्षी शिकवायचे. एकात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग इतकी माकडं रानात खेळतात आणि १२ टेकडीवर आहेत. कळप केवढा? ४८ किंवा १६, आणि दोन्ही चालतात. दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली, एक बाहेर दिसतं. समीकरण ५० आणि ५ अशी दोन मुळं देतं. दोन्ही वास्तव, दोन्ही समीकरणात बसतात. पण ५ घेतले तर पाचवा भाग १ आणि त्यातून ३ वजा, म्हणजे उणे दोन माकडं. भास्कराचार्य ते मूळ सोडून देतात. मूळ वास्तव आहे का, आणि ते या प्रश्नात खपतं का, हे दोन निराळे प्रश्न. दोन्ही विचारायचे, याच क्रमाने.

घन समीकरणाबद्दल एकच सांगते, कारण तिथे मुलं विवेचकाचं भूत उगाच मानेवर घेतात. सहगुणक वास्तव असतील आणि कोटी विषम असेल तर किमान एक वास्तव मूळ असतंच. कारण साधं आहे: आलेखाचं एक टोक खाली खोल जातं, दुसरं वर उंच, आणि मध्ये कुठे तुटत नाही, तेव्हा अक्ष ओलांडल्याशिवाय त्याची सुटका नाही. क्ष³ = १५क्ष + ४ या समीकरणाला कार्दानोचं सूत्र लावलं की मध्येच √(−१२१) उभं राहतं. ते बघून सोडून द्यावंसं वाटेल. बॉम्बेली नावाच्या गणितज्ञाने १५७२ साली सोडलं नाही, तो त्या उणे मुळांतून वाट काढत ४ या साध्या उत्तरापर्यंत पोहोचला. ४ घालून बघ, ६४ = ६० + ४. उरलेली दोन मुळंही वास्तव आहेत, −२ + √३ आणि −२ − √३. आलेख अक्षाला तीनदा छेदतो, आणि सूत्र मात्र उणे वर्गमुळातून फिरून येतं. तेव्हा मधल्या पायरीत असं काही दिसलं म्हणून लगेच "नाही" लिहू नकोस.

सम कोटी असेल तर हा भरवसा नाही, पण नजर टाक. क्ष⁴ + ३क्ष² + २ = ० यात तीन पदं, दोन कधी ऋण नसतात, तिसरं २. बेरीज २ च्या खाली जात नाही. एका ओळीत निकाल.

आता तुझा मूळ प्रश्न, उत्तर काय लिहू. असं लिही: वर्ग पूर्ण करून (क्ष − २)² + (य + ३)² = −७. क्ष, य वास्तव असताना डावी बाजू ऋण असू शकत नाही. म्हणून प्रतलावर या समीकरणाचं समाधान करणारा एकही बिंदू नाही, आलेख नाही. तीन ओळी. खाली रेघ मार आणि पुढच्या गणिताकडे जा. आलेखाची जागा कोरी सोड, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. फक्त ती कोरी का आहे, ते वर लिहिलेलं असायला हवं.

दिवाळीत येशील तेव्हा ही तीन सोडवून आण: क्ष² + य² + ६क्ष − ८य + २५ = ०, √(क्ष + ७) = क्ष − ५, आणि क्ष + १/क्ष = १. आधी प्रत्येकापुढे एक ओळ लिही, आलेखावर काय दिसेल असं तुला वाटतं ते. मग सोडव, मग काढ. मोबाइल तोवर कपाटावर राहू दे. माझ्याकडे ग्राफ पेपरची अर्धी वही शिल्लक आहे, ती तुझ्यासाठी काढून ठेवली आहे.